‘शिकायला मिळतंय ना?’

गेल्या महिन्यात आमच्या स्टुडिओत एक प्रश्न विचारला गेला आणि त्याने माझी झोप उडवली. सफाई कामगारांच्या मुलाखतींचं एक पुस्तक छापून आलं होतं. मुखपृष्ठ, आतली मांडणी, प्रत्येक मुलाखतीच्या सुरुवातीचं रेखाचित्र, सगळं काम आमच्याकडे झालेलं. आठ महिन्यांपासून आमच्याकडे शिकणारी एक मुलगी पुस्तकाचं दुसरं पान उघडून उभी होती. तिने शांतपणे विचारलं, "दादा, मांडणी आणि चित्रं म्हणून स्टुडिओचं नाव छापलंय. चित्रं तर मी काढली. माझं नाव कुठंय?"

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "अगं, नावाचं काय एवढं! शिकायला मिळतंय ना?"

वाक्य बोलून झालं आणि लक्षात आलं, हे वाक्य माझं नाही. पंधरा वर्षांपूर्वी ते मला ऐकवलं गेलं होतं, आणि त्या दिवशी मी जिन्यात बसून रडलो होतो.

बारावीनंतर मी नांदेडला एका फ्लेक्सच्या दुकानात कामाला लागलो. कोरल शिकलो ते शेजारच्या खुर्चीतल्या मुलाचं बघून बघून. १४ एप्रिलच्या बॅनरचं पहिलं मोठं काम माझ्या हातात आलं तेव्हा मी निळ्यासाठी सायन शंभर आणि मॅजेंटाही शंभर टाकला. पडद्यावर तो झकास निळा दिसला. मशीनमधून बाहेर आला तो जांभळा. वस्तीतली पोरं बॅनर परत घेऊन आली, मालकाने पैसे माझ्या पगारातून कापले. पण निळा जांभळा का झाला, हे दुकानात कुणालाच सांगता आलं नाही. ते माहीत असण्याची कुणाची अपेक्षाही नव्हती, कारण आम्ही ‘ऑपरेटर’ होतो. ऑपरेटरने सांगितलेलं करायचं असतं. विचार करणाऱ्याला डिझायनर म्हणतात आणि तो कुठेतरी दुसरीकडे, वातानुकूलित खोलीत बसतो, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

ती खोली बघायला मी पुण्यात आलो. एका जाहिरात एजन्सीत सहा महिने ‘इंटर्न’ म्हणून बसलो. पगार शून्य. माझ्याबरोबर आणखी तिघे होते. तिघांचीही घरं पुण्यातच, दुपारचा डबा घरून येणारा. ती मुलं हुशार नव्हती असं मी म्हणत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. सहा महिने बिनपगारी शिकण्याची ऐपत हीच तिथली खरी प्रवेशपरीक्षा होती, आणि ती परीक्षा त्यांच्या आजोबांनीच पास करून ठेवली होती. मी कॉट बेसिसवर राहायचो आणि रात्री अप्पा बळवंत चौकात पानाच्या दराने डीटीपी करायचो. माझी तीन कामं ग्राहकापुढे दुसऱ्याच्या नावाने गेली. विचारलं, तर उत्तर मिळालं, "शिकायला मिळतंय ना?" सहा महिन्यांनी सांगण्यात आलं की माझं इंग्रजी जरा कमी पडतं.

त्या रात्रीच्या डीटीपीच्या कामातूनच मला सर भेटले. जी. डी. आर्ट झालेले, अनेक वर्षं पुस्तकांची मुखपृष्ठं केलेले. दांडेकर पुलाजवळ एका बाइंडरच्या वर दोन खोल्यांत त्यांचा स्टुडिओ होता. पहिल्याच आठवड्यात मी जांभळ्या बॅनरची गोष्ट सांगितली. सर हसले नाहीत. त्यांनी जुन्या प्रूफच्या मागे दोन चौकोन काढले आणि सांगितलं, सायनपेक्षा मॅजेंटा चांगला तीसेक टक्क्यांनी कमी ठेव, नाहीतर निळा जांभळ्याकडे झुकतो. दोन मिनिटांचं ज्ञान. ते नव्हतं म्हणून माझा अर्धा पगार गेला होता आणि वस्तीपुढे मान खाली गेली होती. ज्ञानाची मक्तेदारी म्हणजे काय, हे मला पुस्तकाआधी त्या दोन चौकोनांनी शिकवलं.

सरांनी शिकवलेल्या बऱ्याच गोष्टी वरवर तांत्रिक होत्या. सॉफ्टवेअर दोन ओळींमधलं अंतर आपोआप अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के धरतं. रोमन अक्षरांना ते चालतं. आपल्या अक्षरांना वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार. त्या मापात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. सर म्हणायचे, "दुसऱ्याच्या अक्षरांसाठी ठरलेलं माप आपल्या अक्षरांना मुकाट्याने लावायचं नाही." अर्धा रही त्यांनी असाच डोक्यात बसवला. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजींना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. फॉन्टने घोळ केला की एका चिन्हाने माणूस बदलतो.

पण सरांचं मोठेपण त्यांच्या ज्ञानात नव्हतं, स्टुडिओच्या चालण्यात होतं. दर शनिवारी संध्याकाळी आठवड्याची सगळी कामं भिंतीवर लागायची, सरांचीसुद्धा. सगळ्यात नव्या मुलाने आधी बोलायचं, सरांनी शेवटी. चहा पाळीपाळीने, त्यात सरांचीही पाळी. कोणत्या कामाचे किती पैसे आले आणि कुणाला किती गेले, ती वही टेबलावर उघडी असायची. त्या भिंतीपुढे मी पहिल्यांदा एका मोठ्या माणसाला म्हणालो, "सर, हे मुखपृष्ठ वाचता येत नाही." त्यांनी ते काढलं आणि सोमवारी नवं लावलं.

इथे कुणी म्हणेल, मग ही तर आपली गुरुशिष्य परंपराच झाली. मुळीच नाही. त्या परंपरेत गुरूने काय शिकवायचं, कुणाला शिकवायचं आणि बदल्यात काय मागायचं हे एकटा गुरू ठरवतो. तिथे एकलव्याचा अंगठा जातो आणि त्याला वर ‘दक्षिणा’ म्हणतात. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडलं की जात ही केवळ श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. डिझाइनच्या धंद्याकडे या नजरेने बघा. कल्पना सुचवणारा एक, माउस चालवणारा दुसरा. पहिल्याची सही, दुसऱ्याची पाठदुखी. पहिला जाहीर सन्मान घेतो, दुसरा आयुष्यभर ‘कोरलवाला’ राहतो. आणि ही रेघ हुनरामुळे पडते असं आपल्याला पटवलं जातं.

दुसरा आक्षेप असा की आता सगळं फुकट उपलब्ध आहे. ‘मुक्त’ आणि ‘बालू’सारखे मुंबईच्या एक टाइपने केलेले उत्तम देवनागरी फॉन्ट कुणीही मोफत वापरू शकतो. विंडोजमधून घराघरांत पोचलेला ‘मंगल’ हा र. कृ. जोशींचा. शिकवणारे व्हिडिओ तर ढिगाने आहेत. मग स्टुडिओने शिकवायचं काय राहिलं? राहिलं ते हे, की व्हिडिओ तुमचं काम बघून ‘हे चुकलं’ असं सांगत नाही. छापखान्याच्या मालकाशी ओळख करून देत नाही. कोणत्या कामाचे किती पैसे मागावेत हे कानात सांगत नाही. साधनं मोकळी झाली, पण माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या या गोष्टी अजूनही घराण्यांच्या आणि ओळखींच्या नळानेच वाहतात. नळ कुणाच्या दारात आहे, हे सांगायला नको.

तिसरा आक्षेप माझ्या स्वतःच्या तोंडचा आहे. छोट्या स्टुडिओला परवडत नाही. आम्ही त्या मुलीला महिना तीन हजार रुपये प्रवासखर्च देत होतो आणि त्याला मानधन म्हणत होतो. शिकवणं हाच मोबदला, असं मी मनाशी धरलं होतं. पण तिची चित्रं असलेल्या पुस्तकाचे पैसे मी घेतले होते. ज्या दिवशी शिकणाऱ्याचं काम विकलं जातं, त्या दिवशी तो नुसता शिकणारा राहत नाही. त्याचा वाटा निघतो. तो दिला नाही तर त्याला शिकवणं नव्हे, वेठ म्हणायचं.

आणि नावाचं काय एवढं? भारतीय संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत आठवा. तिच्या पानांची सजावट शांतिनिकेतनात आचार्य नंदलाल बोस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केली. उद्देशिकेचं पान सजवलं ते ब्योहार राममनोहर सिंहा या त्यांच्या जबलपूरच्या शिष्याने. त्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात खाली त्याची छोटीशी सही आहे, देवनागरीत, ‘राम’. देशाच्या सगळ्यात महत्त्वाच्या पानावर विद्यार्थ्याचं नाव राहिलं. आपण उद्देशिकेची तसबीर भिंतीवर लावतो, स्वातंत्र्य, समता, बंधुता मोठ्याने वाचतो आणि आपल्या स्टुडिओतल्या मुलीला विचारतो, नावाचं काय एवढं!

दुसऱ्या दिवशी मी तिची माफी मागितली. प्रकाशकाला फोन केला. प्रती बांधून झाल्या होत्या, म्हणून शुद्धिपत्र छापून चिकटवायचं ठरलं. ते करायला तिलाच सांगितलं. तिने पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि तीन ठिकाणी ‘कर्मचाऱ्यांच्या’चं ‘कर्मचार्यांच्या’ झालेलं काढून दाखवलं. शेवटच्या रात्री फॉन्ट मीच बदलला होता. तेव्हा शुद्धिपत्रात दोन नोंदी गेल्या. एक तिच्या नावाची आणि एक माझ्या चुकीची. शनिवारी आम्ही पाचही जण जमिनीवर बसून ते कागद चिकटवत होतो. त्याच दिवशी पैशांची वही टेबलावर आली. त्या पुस्तकाच्या पैशातला तिचा वाटा पहिल्या ओळीत लिहिला आहे. या महिन्यात माझ्या वाट्याला कमी आले, हेही त्याच पानावर आहे.

एक प्रत सरांना पाठवली. आता त्यांना नीट दिसत नाही, भिंग लावून वाचतात. चार दिवसांनी फोन आला. "शुद्धिपत्रातल्या ओळी फार घट्ट बसल्यात," म्हणाले. मग जरा थांबून, "पण नाव वाचता येतंय."

मित्रांनो, तुमच्यापैकी अनेक जण स्टुडिओ चालवता, डीटीपी सेंटर चालवता, चळवळीची पत्रकं, पोस्टर, पुस्तकं करून घेता. रात्रभर जागून ते पोस्टर करणाऱ्या पोराचं नाव तुम्हाला माहीत आहे का? त्याला काही दिलंत का? की तुम्हीही म्हणालात, शिकायला मिळतंय ना?