घड्याळ कुठे थांबवायचं

गेल्या दिवाळीत पुतणीने मला एक स्क्रिप्ट लिहून दिली आणि माझी रात्रपाळी संपली. संध्याकाळी बुद्धिबळाच्या कोड्यांची फाइल द्यायची, इंजिनं निवडायची आणि झोपायला जायचं. सकाळी चहाबरोबर तक्ता तयार : कुठल्या इंजिनाला कुठली मात किती वेळात सापडली, सगळं रकान्यांत. हेच काम मी इतकी वर्षं पडद्यासमोर बसून, मांडीवर वही घेऊन केलं. ती पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, बुद्धिबळ तिला मोहऱ्यांच्या चालींपुरतंच येतं. लिहायला बसण्याआधी तिने मला एकच विचारलं, "काका, घड्याळ नेमकं कधी थांबवायचं?"

"मात सापडली की."

"सापडली म्हणजे काय झालं की?"

मी म्हटलं, उद्या सांगतो. तो उद्या अजून पुरता उजाडलेला नाही.

सात खेळ्यांत मात असलेलं कोडं घातलं की पडद्यावर ओळी पडू लागतात. आधी पांढऱ्याची थोडी सरशी, मग चांगलीच सरशी, आणि मग एकदम 'मात १४'. जरा वेळाने 'मात ११'. पुढे नऊवर येऊन ते रेंगाळतं, पंखा घरघरत राहतो आणि केव्हा तरी 'मात ७'. आता सापडली कधी म्हणायची? चौदा दिसलं तेव्हाच काळ्याचा निकाल लागला होता, त्याने काहीही केलं तरी सुटका नव्हती. पण कोड्याचं उत्तर ते नव्हे. सातला घड्याळ थांबवावं, तर किल्लीची, म्हणजे कोडं उघडणारी पहिली खेळी कित्येकदा त्याच्या फार आधीच पहिल्या जागी येऊन बसलेली असते. खेळायला सांगितलं असतं तर इंजिन तीच खेळलं असतं. फक्त ही मात आहे एवढंच त्याला माहीत नसतं. कधी उलटंही होतं. 'मात ९' भलत्याच खेळीने दाखवत बसतं आणि खरी किल्ली अगदी शेवटी उपटते. सातवर आल्यावरही ते थांबत नाही, सहात जमतं का ते बघत राहतं. सहात नाही हे मला माहीत असतं, त्याला नसतं.

हा घोळ इंजिनांचा आहे, कोडी सोडवायच्या खास प्रोग्रामांचा नाही. पॉपाय घ्या, हाइनर मार्क्सेन यांचा चेस्ट घ्या. ते सगळ्या खेळ्या, सगळे बचाव चाळतात आणि सांगतात : सातात आहे, सहात नाही, किल्ली ही एकच. जगभरचे रचनाकार कोडं बाहेर पाठवण्याआधी अशाच प्रोग्रामावर घासून घेतात, दुसरी किल्ली निघते की काय ते बघायला. या घराण्याचा मूळपुरुष डीट्रिख प्रिंझ. त्याने १९५१ साली मँचेस्टरच्या फेरांटी मार्क १ या संगणकावर दोन खेळ्यांतली मात शोधून दाखवली. पूर्ण डाव खेळण्याइतकी त्या यंत्राची कुवतच नव्हती, म्हणून दोनच खेळ्या. एकेक खेळी तपासत जायचं, किल्ली लागली की काम संपलं. पाव तासाच्या आसपास लागला म्हणतात. प्रिंझला घड्याळ कुठे थांबवायचं हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं, याचा मला कधी कधी हेवा वाटतो.

आजचं इंजिन सगळं चाळत नाही. चाळत बसलं तर डाव खेळूच शकणार नाही. ते आडाख्याने छाटतं. शह, मारामारी, धमकी आधी बघायची. शांत, मागे जाणाऱ्या, बिनकामाच्या दिसणाऱ्या खेळ्या रांगेत मागे, आणि त्यांचा शोधही उथळ. डावात हा हिशेब शंभरातल्या नव्याण्णव वेळा बरोबर येतो. आमची रचनाकारांची जात मात्र नेमकी उलटी. शहाने सुरू होणारं कोडं आम्ही नाक मुरडूनच बघतो. किल्ली शांत हवी, शक्यतो मोहरा राजापासून लांब जायला हवा, कुणाच्या मनात येणार नाही अशी हवी. म्हणजे इंजिन जी खोली शेवटी झाडणार, तिथेच आम्ही दागिना ठेवतो. कुठल्या इंजिनाला किती वेळ लागला यात मला रस आहे तो यामुळेच. तो आकडा मला हुशारीपेक्षा त्या इंजिनाचे पूर्वग्रह किती घट्ट आहेत ते सांगतो.

जपानी शोगीवाल्यांचं जरा बरं आहे. त्यांच्या मातीच्या कोड्यांत हल्ला करणाऱ्याची प्रत्येक चाल शहच असावी लागते, त्यामुळे फांद्या कमी फुटतात. त्यांच्याकडे १९८६ सालचं 'मायक्रोकॉस्मॉस' नावाचं कोडं आहे, दोन्ही बाजूंच्या मिळून १,५२५ चालींचं, आणि तेही यंत्राने सोडवलं आहे. आमच्याकडे शांत किल्लीचा शौक, त्याची किंमत यंत्राला मोजावी लागते.

सगळ्यात चिवट छाटणी एकच. इंजिन मनात म्हणतं, समज काळ्याने आपली पाळी सोडून दिली. तरीही त्याचं बरं चाललंय ना? मग ही फांदी खोलात बघायला नको. पाळी सोडून बरं चालतंय तर खेळून अधिकच बरं चालेल, हा त्यामागचा हिशेब. आता पटावर पांढरा राजा एफ६, हत्ती एच१, काळा राजा जी८ ठेवा. पांढरा हत्ती एच पट्टीवरच एक घर वर सरकवतो, एच२. शह नाही, धमकी नाही. काळ्याला जी७, एफ७ राजाने बंद, एच७, एच८ हत्तीने बंद. उरलं एकच घर, एफ८. तिथे गेला की हत्ती एच८ आणि मात. काळ्याला पाळी सोडता आली असती तर मात नव्हती. खेळावं लागतं म्हणून तो मरतो. इथे इंजिनाचा तो आडाखा उताणा पडतो. लिहिणाऱ्यांना हे ठाऊक आहे, म्हणून ज्याच्याकडे नुसता राजा आणि प्यादी उरली आहेत त्याच्या बाबतीत ही छाटणी बंद ठेवायचा रिवाज आहे. पण पटाच्या दुसऱ्या टोकाला, स्वतःच्याच अडलेल्या प्याद्यामागे कोंडलेला एक काळा उंट ठेवून द्या. त्या उंटाला एक घरही हलता येत नाही. पण इंजिनाच्या हिशेबी काळ्याकडे मोहरा आहे, म्हणजे छाटणी चालू. दोन खेळ्यांत याने काही बिघडत नाही. हाच प्रकार विसाव्या खेळीला ठेवा आणि मग मजा बघा.

ओटो ब्लाथी नावाच्या हंगेरियन इंजिनिअरने हे ओळखलं होतं, तेही संगणक जन्माला येण्याआधी. बुडापेस्टच्या गांझ कारखान्यात १८८५ साली ट्रान्सफॉर्मर तयार करणाऱ्या तिघांतला तो एक. आपल्या घरात वीज येते तिच्यात त्याचा वाटा आहे. फावल्या वेळात तो लांबलचक मातींची कोडी रचायचा. त्यातलं एक २९० खेळ्यांचं. काळ्याचे मोहरे कोंडलेले, एखादं प्यादं हलायला मोकळं, आणि पांढरा सावकाश फेऱ्या घालत पाळी काळ्याच्या गळ्यात टाकतो. पुष्कळ रचनाकारांना हे रुक्ष वाटतं, सौंदर्य कमी आणि हिशेब जास्त. मला मात्र ब्लाथीचा पट लावला की इंजिन कसं चाचपडतं ते बघायला आवडतं. चांगल्या दर्जाची इंजिनं तासन्‌तास 'पांढऱ्याची सरशी' एवढंच पुटपुटत राहतात.

त्यांना दोष देऊन उपयोग नाही. स्टॉकफिश हे इंजिन घडवणारे प्रत्येक बदल आधी हजारो डावांत आजमावतात. हौशी मंडळींनी त्यासाठी आपापले संगणक जोडून दिले आहेत. बदलाने डाव जास्त जिंकले तर तो ठेवायचा, नाही तर सोडायचा. नऊ खेळ्यांत मात असताना ती पंधरात दिली म्हणून कुणाचा गुण जात नाही. म्हणून मात शोधणं हे इंजिनांच्या जगात अनाथ कसब आहे. तरीही त्यांच्यातल्याच काहींनी 'मेटट्रॅक' नावाची नोंदवही चालू ठेवली आहे, याचं मला बरं वाटतं. साडेसहा हजारांहून जास्त कोडी, प्रत्येकासाठी दहा लाख नोड, म्हणजे तपासायच्या स्थिती, आणि आवृत्तीगणिक दोन आकडे : किती ठिकाणी मात सापडली आणि किती ठिकाणी सर्वांत छोटी मात सापडली. सेकंद नाहीतच. सेकंद माझ्या यंत्राचे असतात, नोड इंजिनाचे. एक थ्रेड, रिकामा हॅश, ठरावीक नोड, म्हणजे पुन्हा चालवलं तरी तेच उत्तर. सोळा थ्रेड जोडून कुणी "आमच्या इंजिनाने चार सेकंदांत काढली" असं सांगितलं की मी विचारतो, परत चालवा बघू. दुसऱ्या वेळी अकरा लागतात, तिसऱ्या वेळी तीन.

हल्ली एक नवीन प्रकार निघाला आहे. 'हे कोडं जगातलं कुठलंच इंजिन सोडवू शकत नाही' असा मथळा, खाली डोळे विस्फारलेल्या माणसाचं चित्र. उघडून बघावं तर इंजिनाला दहा सेकंद दिलेले असतात, तेही फोनवर. दुसरीकडे पटावरचे खेळाडू. बुद्धिबळ संघटक भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीत राहून मला हे सांगायला लाज वाटते, पण स्पर्धेच्या मांडवात कोड्याचा पट लावून बसलं की चांगले मानांकनवाले विचारतात, "अशी स्थिती डावात कधी येते का?" नाही येत. तमाशातली लावणी तरी रस्त्यात कुठे भेटते?

आमच्या आजोबांच्या पिढीला प्यादेमातीचं अप्रूप होतं. वजिराने मात केली ती कसली, प्याद्याने करून दाखव, असं चालायचं. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचं इंग्रजी पुस्तक निघालं, तेही मुख्यत्वे असल्या निवडक स्थितींचंच. रचनाकार सॅम लॉइडने 'एक्सेल्सिअर' हे कोडं रचलं तेव्हा त्याचा मित्र पैजेवर म्हणत असे की मुख्य मात कोण करणार ते मी पट बघून सांगतो. लॉइडने विचारलं, कोण करणार नाही ते सांग. त्याने बी२ वरचं प्यादं दाखवलं. तेच प्यादं पहिल्या खेळीला दोन घरं पुढे येतं आणि पाचव्या खेळीला शेवटच्या रांगेत बढती घेऊन मात करतं. आजचं इंजिन ते डोळ्याची पापणी लवायच्या आत सोडवतं आणि 'मात ५' एवढंच म्हणतं. कोणी केली याचं त्याला काही नाही. माझ्या तक्त्यातही त्याला रकाना नाही.

पुतणीला शेवटी मी तीन रकाने सांगितले. पहिली मात कधी जाहीर केली. सर्वांत छोटी मात कधी जाहीर केली. आणि किल्ली पहिल्या जागी येऊन परत हलली नाही ती केव्हापासून. तिसऱ्यावर ती अडली. "हलली नाही हे पुढे बघितल्याशिवाय कसं कळणार? म्हणजे हे घड्याळ थांबवायचं नाही, मागे जाऊन वाचायचं. आणि किती पुढेपर्यंत बघायचं?" मी म्हटलं, सात दिसेपर्यंत. "आणि सात दिसलंच नाही तर?" मग रकाना रिकामा सोड, म्हटलं. तिला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. किल्ली पहिल्या जागी बसून आहे, पण इंजिनाला कारण माहीत नाही, तर हा शोध की नशीब? माणसाला परीक्षेत असे गुण मिळतात. मी वहीत नोंदी करायचो तेव्हा हे डोळ्यांनी ठरायचं; नऊवर रेंगाळणं, एकदम सातवर उडी मारणं, त्या ओळी पडण्याच्या लयीवरून मला इंजिनाला 'दिसलं' असं वाटायचं आणि मी पेन उचलायचो. स्क्रिप्टला लय समजावून सांगता येत नाही.

तक्त्यातून तिच्या हाती आणखी एक गोष्ट लागली. सगळ्या कोड्यांपुढे उगम लिहिलेला, रचनाकार, साल. एकाच ओळीत तो रकाना कोरा. सहा खेळ्या, उंट कोपऱ्यात मागे जातो ती किल्ली. "हे कुणाचं?" माझं. मीच रचलेलं, कुठे न छापलेलं, आणि मीच गुपचूप फाइलीत घुसवलेलं. जुन्या यंत्रावर त्याला रात्र रात्र लागायची, आणि ज्या इंजिनाला जास्त लागायची त्याच्याबद्दल माझं मत चांगलं व्हायचं. भराभर सोडवणारी इंजिनं मला उथळ वाटायची. परीक्षकाने असं करू नये हे मला कळत होतं, पण रात्री दोन वाजता पडद्यावर 'मात ८' अडकलेलं बघून जे सुख व्हायचं ते मानांकन वाढल्याचंही झालं नसतं. नव्या आवृत्तीने आता ते कोडं मी कप उचलेपर्यंत सोडवलं. पुतणी म्हणाली, "वा, सुधारलंय इंजिन." मी दोन दिवस तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोललो.

सध्या एक नऊ खेळ्यांचं चालू आहे, ब्लाथीच्या वळणाचं, कोंडलेल्या उंटाचं. पॉपाय त्यावर कालपासून चालू आहे. उंटासमोरचं प्यादं मला एक घर खाली हवं आहे, पण तिथे ठेवलं की सहाव्या खेळीला हत्तीला दुसरी वाट मिळते, आणि वर ठेवलं तर उंट सुटतो. आणखी एक प्यादं टाकून ती वाट बुजवता येईल, पण मग पट नीटस दिसत नाही. जमलं तर फाइलीत घालीन, आणि या खेपेस उगमाच्या रकान्यात नाव लिहीन म्हणतो.