सोनेगावच्या कुंपणापाशी

नागपूरच्या विमानतळाचे नाव आता डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ असे आहे, पण आमच्या कामठीतील जुनी माणसे त्याला अजून सोनेगावच म्हणतात. अम्मी तर हे नाव मोठ्या अभिमानाने घेतात. त्यांचे वडील टपाल खात्यात होते. 1949 साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करीत आणि उजाडण्याआधी आपापल्या गावी परत जात. देशाच्या मधोमध असण्याचा नागपूरला झालेला हा पहिला मोठा फायदा असावा. अम्मी सांगतात, अब्बा घरी येऊन वैमानिकांबद्दल फारसे बोलत नसत. ते बोलत विमानाच्या पोटाखाली बॅटरी घेऊन वाकून वाकून फिरणाऱ्या एका मेकॅनिकबद्दल. थंडी असो, पाऊस असो, तो माणूस फेरी पूर्ण केल्याशिवाय चहाला हात लावत नसे.

ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. तिचा अर्थ मात्र गेल्या नोव्हेंबरात कळला, आणि तोही आधी भरपूर चिडल्यानंतर.

29 नोव्हेंबर 2025, शनिवार. धाकट्या बहिणीच्या मुलीचा निकाह कल्याणला होता, जोहरच्या नमाजनंतर, दोन वाजता. रेल्वेची तिकिटे मिळाली नाहीत, म्हणून आम्ही उभयता, अम्मी आणि आमची मुलगी सकाळच्या विमानाने मुंबईला निघालो. पहाटे ऑटोमोटिव्ह चौकातून मेट्रो पकडली. शहर धुक्यात होते. अम्मींच्या मांडीवर मिठाईचा डबा आणि नवरीसाठी शिवलेला दुपट्टा होता. विमानतळावर पोहोचलो तेव्हा सगळे व्यवस्थित होते. साडेसातला फलकावर वेळ बदलली. आठला पुन्हा बदलली. मग घोषणा झाली की तांत्रिक कारणाने विमानाला उशीर होत आहे.

"पंखा तुटला का?" अम्मींनी विचारले.

काउंटरवरची मुलगी पंचविशीच्या आतली असेल. ती म्हणाली, संगणक प्रणाली बदलायची आहे, सगळ्याच विमानांत बदलायची आहे, त्याशिवाय उडता येणार नाही. आमच्या मागचे एक गृहस्थ ओरडू लागले. खोटे कशाला बोलावे, आम्हीही तिला दोन कडक शब्द ऐकवले. वर्गात मुलांना 'आवाज चढवू नका' म्हणून सांगणारे आम्ही! तिने मान खाली घालून 'सॉरी' म्हटले आणि पुढच्या माणसाकडे वळली.

आमचा भाचा, म्हणजे थोरल्या बहिणीचा मुलगा, विमान दुरुस्तीचा अभियंता आहे आणि मिहानमध्ये एका हँगरात काम करतो. नवरी त्याची मावसबहीण. तोही आमच्याबरोबर निघणार होता. शुक्रवारी रात्री त्याला कामावर बोलावून घेतले आणि त्याचे तिकीट वाया गेले. आम्ही त्याला फोन लावला, तो बंद. नऊ वाजता त्याचा आवाजी निरोप आला: "मामू, रागावू नका. हुकूम आलाय. नानीला सांगा, उशीर झाला तरी हेच बरं आहे."

विमान अकरा वाजून दहा मिनिटांनी उडाले. कल्याणच्या हॉलमध्ये पोहोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. निकाह होऊन गेला होता, छुहारे वाटून झाले होते. अम्मींनी तो दुपट्टा नवरीच्या खांद्यावर टाकला आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. नातीचे 'कुबूल है' त्यांना ऐकायचे होते, ते राहून गेले. परतीचा प्रवास आम्ही रेल्वेने केला.

पुढच्या रविवारी भाचा घरी आला. डोळे अजून सुजलेले. जेवणानंतर म्हणाला, चला, तुम्हाला दाखवतो. आत नेता येत नाही, पास लागतो, पण बाहेरून बघता येईल. त्याच्या गाडीतून आम्ही सगळे वर्धा रोडने खापरीच्या बाजूला गेलो. त्या भागात गेल्या काही वर्षांत काय काय उभे राहिले आहे! बोइंगने एअर इंडियासाठी बांधून दिलेला दुरुस्तीचा प्रकल्प 2015 पासून तिथे आहे, नंतर आणखीही आले. टपालाची विमाने जिथे रात्री घटकाभर टेकत, तिथेच आता विमाने आठवडे-आठवडे मुक्कामाला येतात. त्यांच्या खुर्च्या काढतात, जमीन उचकटतात, आतला सांगाडा उघडा करून बघतात.

रस्त्याच्या कडेला गाडी लावून आम्ही संत्री सोलत बसलो आणि भाचा बोलत राहिला.

विमानात दोष आढळला की ते बनवणारी कंपनी एक पत्रक काढते. ते सल्ल्यासारखे असते. पण दोष जिवावर बेतणारा असेल, तर विमान ज्या देशात घडले तिथली सरकारी संस्था सक्तीचा आदेश काढते. एअरबसच्या बाबतीत ती युरोपची, बोइंगच्या बाबतीत अमेरिकेची. मग आपले नागरी विमान वाहतूक महासंचालनालय तो आदेश इथे लागू करते. त्यात मुदत असते: इतक्या उड्डाणांच्या आत, इतक्या महिन्यांच्या आत. आणि कधी कधी लिहिलेले असते, पुढच्या उड्डाणापूर्वी. 28 तारखेला आलेला आदेश या शेवटच्या जातीचा होता. ऑक्टोबरच्या अखेरीस मेक्सिकोहून अमेरिकेला चाललेल्या एका ए-320 विमानाने वैमानिकाने काही केलेले नसताना अचानक नाक खाली घातले. काही प्रवासी जखमी झाले. शोध घेता असे दिसले की सूर्याकडून येणाऱ्या तीव्र प्रारणामुळे एका संगणकातली माहिती बिघडू शकते. पंख आणि शेपटीवरच्या हलत्या पट्ट्यांना हुकूम देणाऱ्या संगणकातली! उपाय सोपा होता, प्रणालीची आधीची आवृत्ती परत बसवणे. पण विमाने होती जगभरातली सुमारे 6000, त्यांपैकी तीनशेहून जास्त भारतात. एकेका विमानाला दोन-तीन तास.

"एका विमानात झालं, आणि सहा हजार थांबवली?" अम्मींनी विचारले.

"नानी, थांबवली नाहीत तर काय होतं, तेही झालेलं आहे," तो म्हणाला, आणि त्याने हवाई बेटांची गोष्ट सांगितली. प्रशिक्षणात त्यांना ती शिकवतात म्हणे.

अलोहा एअरलाइन्सचे बोइंग 737 विमान. बेटाबेटांमध्ये छोट्या फेऱ्या मारणारे, आपल्याकडच्या एस.टी.सारखे. 19 वर्षांत त्याची 89,680 उड्डाणे झाली होती. उंचावर हवा विरळ असते, म्हणून विमानात आतून हवा भरतात. दर उड्डाणाला त्याचे अंग किंचित फुगते आणि उतरल्यावर बसते. डब्याचे पत्र्याचे झाकण पुन्हा पुन्हा वाकवून बघा, एक दिवस ते कडेला तडकतेच. त्यात समुद्राची खारी हवा. पत्र्याला पत्रा जोडणारा चिकट थर सुटत गेला आणि सगळा भार रिवेटवर आला. रिवेटच्या भोकांपासून केसासारख्या भेगा निघाल्या.

आणि हे कोणाला माहीत नव्हते असे नाही. कंपनीचे पत्रक निघालेले होते. 1987 साली अमेरिकेच्या सरकारी संस्थेचा सक्तीचा आदेशही निघाला होता. पत्रकात सगळ्या जोडांची तपासणी सुचवली होती, सक्ती मात्र वरच्या जोडांपुरती झाली. या विमानाच्या वरच्या जोडावर भेगा सापडल्या आणि तिथे दुरुस्तीही झाली. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा शोधण्यासाठी विजेच्या प्रवाहाची जी बारीक तपासणी करायची होती, ती झाल्याची नोंद चौकशीत सापडली नाही. चौकशी अहवालात हेही म्हटले आहे की असली तपासणी करणारी माणसे रात्रपाळीत, उंचावर दोरीला बांधून घेऊन, हजारो रिवेट एकामागून एक बघत जातात. कंटाळा येतो, डोळे थकतात.

28 एप्रिल 1988 रोजी 24,000 फुटांवर त्या विमानाच्या छताचा सुमारे 18 फूट लांबीचा भाग उडून गेला. समोर उघडे आभाळ. क्लॅराबेल लान्सिंग ही हवाई सेविका त्या क्षणी उभी होती. ती बाहेर फेकली गेली, तिचा देहही मिळाला नाही. प्रवासी पट्टे बांधून बसले होते. वैमानिकांनी तेरा मिनिटांत ते उघडे विमान माउई बेटावर उतरवले आणि बाकीचे 94 जण वाचले.

आमची मुलगी संत्र्याची फोड हातात धरून ऐकत होती. "आधी कोणालाच दिसलं नाही?"

"दिसलं होतं ना. विमानात चढताना एका बाईने दाराजवळ भेग पाहिली होती. ती कोणाला काही बोलली नाही."

त्यानंतर जुन्या विमानांचे नियम बदलले. नुसत्या भेगा शोधत राहू नका, ठरावीक उड्डाणांनंतर तो भाग बदलाच, असे आदेश निघाले. दुरुस्ती चुकली तर काय होते, ते जपानने त्याच्या आधीच पाहिले होते. जपान एअरलाइन्सच्या एका जंबो विमानाची शेपटी 1978 मध्ये ओसाकाला घासली. मागच्या भिंतीला ठिगळ लावताना जिथे रिवेटच्या दोन रांगांनी भार पेलायचा, तिथे एकाच रांगेवर आला. ते ठिगळ सात वर्षे टिकले. 12 ऑगस्ट 1985 रोजी 520 माणसे गेली, चार वाचली.

हे ऐकताना आम्हाला दुसरेच काही आठवत होते. तीन वर्षांपूर्वी हा मुलगा दुसऱ्या शहरात एका कंपनीत नोकरीला होता. एका पहाटे एका नळीवर घासल्याची खूण त्याला दिसली. ती मर्यादेत आहे की बाहेर, हे मोजायचे साधन हाताशी नव्हते. वरून फोन आला, खूण किरकोळ आहे, सही कर. दुरुस्तीनंतर अभियंत्याची सही झाल्याशिवाय विमान उडू शकत नाही, आणि परवाना त्याच्या नावावर असतो, साहेबाच्या नाही. त्याने सही केली नाही. साधन यायला तीन तास लागले. मोजल्यावर खूण मर्यादेच्या आत निघाली! मग काय, सगळे हसले. पाळी बदलली, पगारवाढ राहिली, काही महिन्यांनी त्याने नोकरी सोडली. त्या वेळी त्याने आम्हाला फोन केला होता आणि आम्ही म्हटले होते, "अरे बेटा, करून टाकायची सही. नोकरी आधी की नळी?"

गाडीत आम्ही त्याला विचारले, ते आठवते का?

"आठवतं ना, मामू." तो हसला. "मर्यादेत होती हे मोजल्यावर कळलं. आधी कुठे माहीत होतं?"

आम्ही गप्प बसलो. आमच्या शाळेचा जिना आठवला. त्याचा कठडा दोन वर्षांपासून हलतो. तपासणीच्या वहीत दर महिन्याला 'ठीक' असे लिहिले जाते. त्याखाली एक सही आमचीही असते.

कुंपणापलीकडे एक विमान ट्रॅक्टरने ओढत नेत होते. त्याच्या इंजिनांवर लाल कापड बांधलेले, पंखांखाली दोन माणसे चालत होती. इतक्या दुरून ती मुंगीएवढी दिसत. अम्मींनी चष्मा पुसला आणि विचारले, "त्यातला एक वाकून का बघतोय?"

"टायर बघतोय, नानी."

"ओढत नेतानासुद्धा?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. साडेपाचला बोलावले होते. अम्मी म्हणाल्या, सुट्टीच्या दिवशीही? त्याने आम्हाला मेट्रो स्टेशनवर सोडले. अम्मींनी राहिलेली चार संत्री पिशवीसकट त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, रात्री तो दुसरा वाकून बघणारा असेल, त्यालाही दे.

सोमवारी शाळेत गेलो. आधी जिन्यापाशी गेलो, मग वही काढली.