मम्मट आणि कंपनीची बस

२०१६ च्या जानेवारीत पिंपरीत ८९वं साहित्य संमेलन भरलं. तिथून कवितेची पुस्तकं घरी आणली आणि माझी गोची झाली. कविता आवडायची, पण का आवडली असं कुणी विचारलं की 'भारी आहे'च्या पुढे गाडी सरकायची नाही. बरीच वर्षं तसंच ढकललं. शेवटी मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.ला मराठी घेतलं. राहतो चिंचवडला, नोकरी चाकणला एका कंपनीत, क्वालिटीत. दिवसभर हातात व्हर्नियर. म्हटलं, साहित्यातल्या संज्ञा म्हणजे मापंच की, पाठ केली की झालं.

कुठलं काय! पहिल्याच रविवारी फळ्यावर उपमा, उत्प्रेक्षा, रूपक. गाइड उघडावं तर पानोपानी मुख आणि चंद्र, नेत्र आणि कमळ. सगळ्या अलंकारांना तीच चार गिऱ्हाइकं! मला तर तिन्ही एकच वाटत होते. मॅडम म्हणाल्या, "चंद्र सोडा हो. तुम्हाला रोज रस्त्यात काय दिसतं ते सांगा."

रोज काय दिसणार, तर चाकणच्या तळेगाव चौकात आडवा झालेला ट्रेलर. मॅडमनी तोच घेतला. ट्रेलर अजगरासारखा पसरलाय, ही उपमा. दोघं शेजारी, पण वेगळे. ट्रेलर जणू अजगरच, ही उत्प्रेक्षा; ट्रेलर आहे हे ठाऊक असूनही तो अजगर असावा अशी कल्पना. ट्रेलररूपी अजगर म्हटलं की रूपक, भेदच उरला नाही. आणि ट्रेलरचं नावही न घेता 'चौकात अजगर पडलाय' म्हटलं तर? ती रूपकातिशयोक्ती. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "त्या चौकात याहून कडक अलंकार ऐकू येतात, मॅडम."

अभंगाचं माप त्या मानानं सरळ वाटलं. मोठ्या अभंगात चार चरण; अक्षरं सहा, सहा, सहा, चार; यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत. देहू हाकेच्या अंतरावर, गाथा घरात. बोटांवर मोजत बसलो, तर मध्येच एका चरणात सात अक्षरं! कंपनीत असा पीस थेट रिजेक्शनच्या लाल क्रेटमध्ये जातो. आईला म्हटलं, जरा म्हणून दाखव. तिनं चालीत म्हटला. सातवं अक्षर कुठे जिरलं ते कळलंसुद्धा नाही.

पण खरी मजा शब्दशक्तींची. अभिधा म्हणजे सरळ अर्थ. तो बसत नसेल तर शेजारचा घ्यायचा, ती लक्षणा. 'अख्खी लाइन जेवायला गेली' म्हणताना आपण तेच करतो, कन्व्हेयर काही डबा खात नाही. व्यंजना मात्र डोक्यात शिरेना. मग मॅडमनी मम्मटाचा दाखला दिला. अकराव्या शतकातला हा काश्मिरी पंडित 'काव्यप्रकाशा'त म्हणतो, सूर्य मावळला एवढंच कुणी म्हटलं, तरी ऐकणाऱ्यागणिक अर्थ बदलतो. कुणाला कळतं, संध्येची वेळ झाली. गुराख्याला कळतं, गाई आत घ्या. प्रेयसीला कळतं, आता तो येईल. आणि त्याच यादीत चक्क हेही आहे, की चला, काम थांबवू या.

मी ताडकन सरळ बसलो. आमच्याकडे सेकंड शिफ्ट सुटताना कुणीतरी ओरडतं, "बस लागली!" मला त्याचा अर्थ, व्हर्नियर पुसून ठेव. सुपरवायझरला, आजचा आकडा आता वाढत नाही. टपरीवाल्याला, कटिंग ओतायला घे. आणि ज्याचा रिलिव्हर आला नाही त्याला, आज ओटी. चौघांना चार गोष्टी कळल्या, आणि यातली एकही त्या दोन शब्दांत नाही! मम्मटाला ही बस नक्की चालली असती.

रसाशी मात्र अजून झटापट चालू आहे. भरतमुनींचे आठ रस, आठ स्थायीभाव आणि तेहतीस व्यभिचारी भाव. यादीत श्रम, ग्लानी, आलस्य, चिंता, निद्रा. थर्ड शिफ्टला पहाटे चारपर्यंत यातले निम्मे होऊन जातात. मॅडमना विचारलं, "मग लाइनवर करुण रस का निष्पन्न होत नाही?" त्या म्हणाल्या, "थकवा तुमचा स्वतःचा आहे ना, म्हणून. तो रंगमंचावर दुसऱ्याचा पाहा, मग बोलू. त्यालाच साधारणीकरण म्हणतात."

रामकृष्ण मोरे नाट्यगृहातल्या नाटकाची तिकिटं काढली आहेत. साधारणीकरणाचं प्रकरण नाटकाआधी वाचायचं की नंतर, यावरून घरात दोन तट पडलेत. बायको म्हणते, आधी वाचलंस तर शेजारी बसू नकोस.