वाड्याबाहेरची डोरली

पाचाडला उतरलेला माणूस मान वर करूनच उभा राहतो. समोर रायगडाचा कडा असताना गडग्याच्या झुडपाकडे कोण बघणार? डोरली मात्र तिथेच असते. पायवाटेच्या कडेला, पडक्या चौथऱ्यावर, गुरांनी तुडवलेल्या जागेत. उंची कंबरेएवढी, फांदीला वाकडे काटे आणि पानाच्या शिरेवरही काटे. शेरडं बांधावरचं सगळं ओरबाडतात, पण हिला वळसा घालून जातात.

एवढ्या काटेरी अंगावर फूल मात्र नाजूक, जांभळं. मधले पिवळे परागकोश टोकाशी बारीक भोक ठेवून बंद असतात. भुंगा येतो, फुलाला बिलगतो आणि अंग थरथरवतो, तेव्हा कुठे पराग बाहेर उडतात. आपल्या मधमाशीला ही युक्ती जमत नाही. सकाळी जवळ उभं राहिलं तर भुंग्याचा सूर मध्येच चढलेला ऐकू येतो.

मग हिरवी, पट्टेदार फळं धरतात. ती ठेचायची, बिया काढायच्या, मिठाच्या पाण्यात टाकून कडवटपणा उतरवायचा आणि कांदा-सुकटीबरोबर परतायची. थोडा कडूपणा उरतोच, आणि माझ्या मते तो उरायलाच हवा. नाहीतर वांगं काय वाईट? वैद्य हिलाच बृहती म्हणतात. दशमुळांत हिचं मूळ आहे, भुईरिंगणीचंही. बियांच्या धुरीने दातातला किडा पडतो ही समजूत मात्र सोडून द्यावी. दात किडतो तो जिवाणूंमुळे.

डोरलीच्याच कुळातले बटाटा, टोमॅटो, मिरची अमेरिकेतून गलबतांवर बसून आले. तमिळनाडूत हिची चुलत बहीण ताकात मुरवून वाळवतात, थायलंडात ती रश्शात पडते आणि मर रोग टाळायला तिच्याच खुंटावर वांग्याचं कलम बांधतात.

जिजाऊसाहेबांना उतारवयात गडावरची हवा मानवेना, म्हणून महाराजांनी पाचाडला वाडा बांधला. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला त्या इथेच गेल्या. त्यांच्या मुदपाकखान्यात टोमॅटो नव्हता, यावर मी पैज लावीन. तटाबाहेर डोरली मात्र असणारच.

आता गवत काढताना कोयता हिच्यावरूनही फिरतो. वाट मोकळी करा, पण कडेची दोन झुडपं राहू द्या. आणि पिवळं पिकलेलं फळ कितीही गोजिरं दिसलं तरी तसंच तोंडात टाकू नका.