आठ प्रहरांची शर्यत

पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनातून वेगवान आगगाडीत बसावे, आणि चार पाने वाचून होतात न होतात तोच ल मां येते. सार्त नदीचा काठ, रोमन काळातली तटबंदी, संत ज्युलियनचे भव्य चर्च आणि चढउताराच्या फरसबंद गल्ल्या. असे हे शहर पाहून वाटते की, इथे माणसे दुपारी झोपत असावीत. पण शहराच्या दक्षिणेला तूर गावाकडे जाणारा एक सरळसोट रस्ता आहे, आणि त्या रस्त्याने ल मांला जगाच्या नकाशावर नेऊन बसवले आहे.

एरवी त्या रस्त्यावर काही विशेष नाही. मालट्रका जातात, बायकापोरांना घेऊन मोटारी जातात. याच रस्त्यालगतच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर 1908 च्या ऑगस्टात विल्बर राइटने युरोपला आपले विमान प्रथम उडवून दाखवले. पुढे 1923 साली इथल्या मोटार क्लबाने एक नवी शर्यत सुरू केली. सर्वांत जलद कोण, हा प्रश्न तिने विचारलाच नाही. चोवीस तासांत, म्हणजे अष्टौप्रहर धावून, सर्वांत लांब कोण जातो, एवढेच तिने विचारले. साधी मोटार किती टिकते, दिवे रात्रभर तगतात का, हे लोकांना कळावे असा हेतू होता. तो बराचसा सफळही झाला. 1953 साली जग्वार कंपनीच्या मोटारी इथे डिस्क ब्रेक लावून जिंकल्या. तो ब्रेक आज तुमच्याआमच्या गाडीलाही असतो.

आज एक फेरी सुमारे साडेतेरा किलोमीटरांची आहे. तिच्यातला बराच भाग म्हणजे हाच सार्वजनिक रस्ता; शर्यतीपुरता तो बंद करतात. त्याचा सरळ पट्टा जवळजवळ सहा किलोमीटरांचा होता. 1988 साली तिथे एका मोटारीने ताशी 405 किलोमीटरांचा वेग गाठला, तेव्हा संयोजकांच्याही पोटात गोळा आला असावा! 1990 पासून त्या पट्ट्यावर मुद्दाम दोन वळणे घातली आहेत.

जून महिन्यात शनिवारी दुपारी शर्यत सुटते आणि रविवारी दुपारी संपते. मोटार थांबते ती पेट्रोल, टायर आणि चालक बदलण्यापुरती. आता एका मोटारीला तीन चालक असतात. कोणीही चोवीस तासांत चौदा तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही, असा नियम आहे. हा नियम सुखासुखी आला नाही. 1952 साली पिएर लव्हेघ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने आपल्या जोडीदाराला गाडीला हातच लावू दिला नाही. जवळजवळ तेवीस तास एकट्याने गाडी हाकली, सर्वांच्या पुढे राहिला, आणि शेवटी विजय दिसत असताना इंजिन मोडले. तीन वर्षांनी, 1955 साली, याच लव्हेघची मोटार दुसऱ्या मोटारीवर आदळून प्रेक्षकांत घुसली. तो स्वतः आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक प्राणास मुकले.

अशा शर्यतींवर पोट भरणारा चालक कसा असतो? दिसेल त्याला मागे टाकणारा आततायी, अशी आपली कल्पना. पण या धंद्यात टिकतो तो हात राखून गाडी चालवणारा. यंत्र जपायचे, ब्रेक जपायचे, आणि आपली पाळी संपली की गाडी धडधाकट जोडीदाराच्या हाती द्यायची. बेल्जियमचा जॅकी इक्स हा या पंथाचा थोर पुरुष. त्याचा जन्म 1945 सालचा, ब्रुसेल्सचा.

त्या काळी शर्यतीचा आरंभ मोठा नाट्यमय असे. मोटारी एका कडेला, चालक समोरच्या कडेला. इशारा झाला की सर्वांनी धावत जाऊन गाडीत उडी मारायची आणि सुटायचे. या घाईत सुरक्षा-पट्टा कोण बांधतो! 1969 साली इशारा झाला, चव्वेचाळीस जण धावले आणि चोवीस वर्षांचा इक्स रमतगमत चालत निघाला. फोर्ड जीटी-40 मध्ये बसला, स्वस्थपणे पट्टा बांधला आणि सर्वांच्या शेवटी सुटला. हा त्याचा निषेध होता. दुर्दैव असे की, निषेधाचे कारण पहिल्याच फेरीत सिद्ध झाले. जॉन वुल्फ या इंग्रज चालकाने पट्टा बांधलेला नव्हता. त्याची मोटार उलथली आणि तो बाहेर फेकला जाऊन गतप्राण झाला.

पुढे काय झाले? आठ प्रहर संपले तेव्हा सर्वांच्या मागून निघालेला इक्स सर्वांच्या पुढे होता! शेवटच्या तासात हान्स हेर्मानच्या पोर्शेने आणि त्याने एकमेकांना कितीदा तरी मागे टाकले. जवळजवळ पाच हजार किलोमीटरांच्या धावेनंतर दोघांत अंतर राहिले ते सुमारे 120 मीटरांचे. यशाचा निम्मा वाटा अर्थातच जोडीदार जॅकी ऑलिव्हरचा. धावत जाऊन गाडीत बसण्याची ती प्रथा त्या वर्षीच संपली.

1977 साली इक्सची स्वतःची गाडी आरंभीच बंद पडली. त्याला युर्गन बार्थ आणि हर्ली हेवूड यांच्या पोर्शेत बसवले. दुरुस्तीपायी ती गाडी चाळिसाव्या क्रमांकाच्याही मागे पडली होती. काळोखात, पावसात इक्सने ती पुढे आणली. सकाळी ती आघाडीवर होती. शेवटच्या तासात इंजिनाचा एक सिलिंडर निकामी झाला, तेव्हा यंत्राची नाडी जाणणाऱ्या बार्थने लंगडती गाडी हळूहळू शेवटास नेली. रात्र गाजवली इक्सने, पण रेषा ओलांडली बार्थने. लव्हेघला जे साधले नाही, ते हेच!

इक्स ल मां सहा वेळा जिंकला. पुढे डेन्मार्कच्या टॉम क्रिस्टेन्सनने तो विक्रम मोडून नऊ विजय मिळवले. पण या धंद्याचा हिशेब नुसत्या विजयांनी पुरा होत नाही. 1985 साली स्पा येथे सत्तावीस वर्षांचा श्टेफान बेलोफ इक्सला मागे टाकू पाहत असता दोघांच्या गाड्या भिडल्या. बेलोफ गेला, इक्स वाचला. त्या वर्षाअखेर त्याने या शर्यतींचा निरोप घेतला.

1969 च्या विजयानंतरची एक हकिकत सांगतात. सोमवारी सकाळी इक्स पॅरिसला निघाला असता, शार्त्रजवळ एक गाडी आडवी आली आणि त्याची मोटार खांबावर आपटून चेपली. इक्सने पट्टा सोडला आणि सुखरूप बाहेर आला. त्या वेळी ना शर्यत होती, ना प्रेक्षक. होता तो नेहमीचाच रस्ता. आणि नेहमीच्या रस्त्यावर तर आपण सगळेच असतो.