पडद्यावरच्या मुंग्या

जयंत नारळीकरांची 'ब्रह्मांड' मालिका दूरदर्शनवर लागायची ते 1994 च्या आसपासचे दिवस तुम्हालाही आठवत असतील. मला मात्र ते आधी वासातून आठवतात, कारण अण्णा कुपवाड एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून येऊन तसेच टीव्हीसमोर टेकायचे आणि त्यांच्या अंगाला जळक्या वाळूचा, तापून निवलेल्या लोखंडाचा वास असायचा, त्यात आईनं पुढ्यात ठेवलेल्या गवती चहाचा वास हळूहळू मिसळत जायचा. वारं सुटलं की अँटेना फिरायची, पडदाभर मुंग्या यायच्या, गच्चीवरून "आलं का?" अशी हाक यायची, अण्णा खालूनच "अजून जरा मिरजेकडं!" म्हणून ओरडायचे, आणि त्या खरखरीतून कोल्हापुरात जन्मलेल्या त्या माणसाचं संथ हिंदी पुन्हा ऐकू यायला लागायचं. आताच्या अंतराळपटांतली चित्रं डोळे दिपवतात खरी, पण ती उसंत त्यांत नाही.

लाल तारा त्यातल्या त्यात थंड आणि निळा अतितप्त, हे कळलं त्या रात्री अण्णा केवढे खुलले होते! भट्टीतला रस ओतायला आला की नाही, हे ते रंगावरूनच सांगायचे. "हे तर आमचंच काम की," म्हणाले, आणि खिशातून सतरंजीवर सांडलेली लोखंडाची भुकटी बोटानं गोळा करत बसले.

त्या मुंग्यांतला साधारण एक टक्का विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरींचा असतो, हे मी फार पुढे वाचलं. पेंझियास आणि विल्सन यांनी 1965 मध्ये जाहीर केलेलं हे प्रारण बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाची उरलेली ऊब मानतात. नारळीकरांना ते पटलं नव्हतं. हॉईल आणि बर्बिज यांच्यासोबत 1993 मध्ये त्यांनी वेगळं विश्व मांडलं. त्यात ती ऊब जुन्या ताऱ्यांच्या प्रकाशाची होती, आणि त्या प्रकाशाला असं निववत होत्या फुटलेल्या ताऱ्यांनी उधळलेल्या लोखंडाच्या अतिसूक्ष्म सुया. फार थोड्यांनी हे मानलं. पण लोखंडच, बघा! अण्णांनी मांडीवर थाप मारली असती, दुसऱ्या दिवशी पाळीवरच्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं असतं.

हल्ली सिग्नल गेला की नुसता निळा पडदा येतो. नारळीकर 20 मे 2025 ला पुण्यात गेले. अण्णा त्यांच्याही आधी गेले, आणि लोखंडाच्या सुयांची गोष्ट त्यांच्या कानावर कधी पडली नाही.