जरीची कुंची

आमच्या घरीं मखमलीची एक जरतारी कुंची आहे. चार पिढ्यांचीं बाळें ती घालून मिरवलीं. आतां मखमल विरली आहे, वेलबुट्टी मात्र शाबूत आहे. गेल्या दिवाळीच्या आवराआवरींत दारावर जुनी जर विकत घेणाऱ्याची हाळी आली, आणि सांगावयास लाज वाटते, पण आम्हीं ती त्याच्यापुढें नेऊन ठेवली. त्यानें तारेचें टोक कसोटीवर घासलें. तार तांब्याची असती तर रेघ तांबूस उमटली असती. मुलामा सरतांच उमटली ती पांढरी. चांदी खरी ठरली. मग कुंची तराजूंत गेली, मखमलीचें वजन अदमासानें वजा झालें आणि आंकडा निघाला.

“आणि कामाचे किती?” आम्हीं विचारलें.

“काम काय साहेब, भट्टींत जळून जातें.”

तें काम कसें होतें हें आम्हीं पूर्वीं लखनौच्या एका गल्लींत पाहिलें होतें, म्हणूनच हें उत्तर जिव्हारीं लागलें. फारसींत ‘जर’ म्हणजे सोनें आणि ‘दोजी’ म्हणजे शिवण. जरदोजी ती हीच. लांकडी चौकटीवर (तिला ते अड्डा म्हणतात) कापड ताणलेलें, आणि भोंवतीं चार कारागीर मांडी घालून ओणवे झालेले. जुन्या रीतीनें चांदीची कांब सोन्याच्या वर्खानें मढवीत आणि पोलादी पट्टीच्या बारीक बारीक होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून तिची केसासारखी तार काढीत. ती चेपली कीं बादला. बादला रेशमी धाग्यावर गुंडाळला कीं कलाबतू. तार वळवून पोकळ नळी केली कीं सलमा. हा सलमा कात्रीनें जवाएवढा कापावयाचा, मण्यासारखा सुईंत ओवावयाचा आणि पाकळीच्या जागीं टांचावयाचा. एका पाकळीस असे किती तुकडे लागतात तें आम्ही मोजूं लागलों आणि विसांच्या पुढें चुकलों. वृद्ध कारागीर चष्म्यावरून पाहून हंसला. तो चुकला नव्हता.

लखनौच्या जरदोजीस २०१३ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तरी त्या अड्ड्यावर चांदी नव्हती. झिलईदार प्लॅस्टिकची जर होती. ती पाहून आम्हीं तेव्हां नाक मुरडलें. आतां वाटतें, तिचें एक भाग्य आहे: तिला जाळावयास दारावर कोणी येणार नाहीं. खऱ्या जरीचें दैवच उलटें. जितकें वस्त्र उंची, तितकें तें भट्टींत जाण्याचें भय अधिक. किती घरांतले शालू नि शेले असे चांदीचे गोळे होऊन गेले!

आम्हीं कुंची परत मागितली. तराजूंतून उचलतांना सलम्याचा एक तुकडा सुटून उंबऱ्याशीं पडला. जरवाल्यानेंच वांकून तो शोधला आणि आमच्या तळहातावर ठेवला.